हिशेबाचं ॲप ‘सोपं’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी बडोद्याहून

घरचा हिशेब ठेवणारी ॲप आणि सॉफ्टवेअर लोकांना वापरायला देऊन, ते वापरताना त्यांच्याकडे नीट पाहून तपासली जातात. या पद्धतीला युजेबिलिटी टेस्ट म्हणतात. तिच्यावर आणि तिच्या अवतीभवतीच्या अडचणींवर बडोद्याच्या वाचकांची पत्रं आली आहेत. विषय एकच असल्यानं ती एकत्र घेतली आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा लिहिलेला नाही.

प्रश्न : मी घरखर्चाचा हिशेब फोनवर ठेवतो. दर दोन-तीन महिन्यांनी ॲप बदलतं आणि ‘आता आणखी सोपं, हजारो लोकांनी तपासलेलं’ अशी पाटी झळकते. मला मात्र रोजचं बटण नव्यानं शोधावं लागतं. या तपासण्यांनी खरंच काही सोपं होतं, की ही नुसती जाहिरात?
— निवृत्त शिक्षक, मांजलपूर

उत्तर : सोपं होतं, पण ज्या माणसाला जे काम देऊन तपासलं त्या माणसापुरतं आणि त्या कामापुरतं. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात (१९९८, सुधारित २०१८) हेच लिहिलं आहे. ठरावीक लोकांनी, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती अचूक केलं, किती श्रमात केलं आणि त्यांचं किती समाधान झालं, यावरून वापरसुलभता मोजायची. ‘हजारो लोकांनी तपासलं’ या वाक्यात यातलं एकही ‘ठरावीक’ नाही. हजारो लोकांनी कच्ची आवृत्ती उतरवून घेतली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. युजेबिलिटी टेस्ट वेगळी असते. तिच्यात एका माणसाला काम देऊन बसवतात, मदत न करता पाहतात आणि तो कुठे थबकला, कुठे चुकला ते टिपतात.

या पद्धतीनं हिशेबाचं सॉफ्टवेअर सुधारल्याचं जुनं आणि ठोस उदाहरण क्विकन या घरहिशेबाच्या अमेरिकन सॉफ्टवेअरचं. स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ मध्ये इंट्युइट ही कंपनी काढली आणि क्विकन बनवलं. सुरुवातीच्याच काळात त्यांनी संगणकाची सवय नसलेल्या स्त्रियांना सॉफ्टवेअरपुढे बसवलं आणि स्टॉपवॉच लावलं. बिलं भरून हिशेब लिहायला हातानं जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी लागला पाहिजे, ही अट होती. पडद्यावर चेकचंच चित्र ठेवलं, कारण चेक कसा भरायचा हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत होतं. पुढे कंपनीचे लोक ग्राहकाच्या घरी जाऊन तो सॉफ्टवेअर कसं बसवतो, कुठे अडतो हे पाहू लागले.

आता तुमची तक्रार. चाचणीला बहुतेक वेळा ॲप कधीच न पाहिलेली माणसं बोलावतात. त्यांना सापडेल अशा जागी बटण हलवलं जातं, आणि तुमचा अंगठा सवयीनं जुन्या जागी जातो. दोघांच्या गरजा खऱ्याच आहेत, फक्त तुमची मोजली गेली नाही. चांगली कंपनी मुरलेल्या वापरणाऱ्यांची चाचणी वेगळी घेते आणि महिनाअखेरचं नेहमीचं काम बदलानंतर लांबलं का, ते पाहते.

तोवर एक करता येईल. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं पान उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा आणि आपोआप अपडेट होण्याची खूण काढा. मग बदल कधी घ्यायचा ते तुम्ही ठरवाल. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला मात्र हे करू नका. तिथल्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

प्रश्न : आम्ही तिघे मिळून घरच्या हिशेबाचं ॲप बनवत आहोत. पैसे थोडे, वेळही थोडा. किती लोकांवर चाचणी करावी, कोणती कामं द्यावीत, काय मोजावं? सगळे म्हणतात ‘पाच माणसं पुरतात’. ते खरं आहे का?
— सॉफ्टवेअर व्यावसायिक, गोत्री

उत्तर : पाचाचा आकडा याकोब नीलसन आणि टॉमस लँडाउअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या कामातून आला. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. म्हणजे ६९ टक्के सुटतात. ०.६९ ला पाच वेळा गुणलं की सुमारे ०.१६ येतात, म्हणून पाच जणांत साधारण ८४ टक्के अडचणी सापडतात. गणित बरोबर आहे, पण ते ३१ टक्क्यांच्या सरासरीवर उभं आहे. जी अडचण दहातल्या एकालाच येते, ती पाच जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. पंधरा जण घेतले तर ७९ टक्के. पैशाच्या ॲपमध्ये दहातल्या एकाला येणारी अडचण किरकोळ नसते. त्या दहाव्या घराचा हिशेब वर्षभर चुकीचा राहतो.

तरी आमचा सल्ला पाचाचाच, पण तीनदा. पंधरा जण एकदम बोलावू नका. पहिले पाच झाले की दुरुस्त करा, नवे पाच बोलवा, पुन्हा दुरुस्त करा. पहिल्या फेरीतली ठळक चूक दूर झाल्याशिवाय तिच्यामागे लपलेली दिसत नाही. नोंदच जतन होत नसेल, तर अहवाल वाचताना माणूस कुठे फसतो ते कळणार कसं?

माणसं निवडताना ‘तुम्ही हिशेब ठेवता का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘मागच्या महिन्यातला खर्च कुठे लिहिलाय?’ असं विचारा. कुणी वही सांगेल, कुणी कॅलेंडरच्या मागची बाजू, कुणी एक्सेल, कुणी ‘डोक्यात’. प्रत्येक प्रकारचे थोडे घ्या. रोखीत व्यवहार करणारं घर, सगळं यूपीआयनं देणारा नोकरदार आणि ठेवींच्या व्याजावर चालणारं निवृत्त जोडपं या तिघांच्या चुका वेगळ्या असतात. नातेवाईक आणि ऑफिसातले सहकारी टाळा. ते तुम्हाला दुखवणार नाहीत, आणि तीच अडचण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैशाच्या ॲपमधली वाईट चूक दिसत नाही. बटण सापडलं नाही तर माणूस थबकतो, पाहणाऱ्याला ते कळतं. पण एटीएममधून काढलेली पाच हजारांची रक्कम त्यानं ‘खर्च’ म्हणून लिहिली, तर तो थबकत नाही. त्याला काम झाल्यासारखं वाटतं, चाचणी घेणाराही ‘यशस्वी’ लिहितो, आणि महिन्याचा खर्च पाच हजारांनी फुगतो. म्हणून चाचणीआधी उत्तर काढून ठेवा आणि शेवटी त्याच्याशी ताळा घ्या. हे न करता घेतलेल्या चाचणीनं ॲप चकचकीत होतं, बरोबर होत नाही.

एक काल्पनिक घर घ्या. महिन्याच्या सुरुवातीला बचत खात्यात ४२,३५० रुपये, हातात रोख ३,२००, आवर्ती ठेवीत २४,०००, क्रेडिट कार्डाची थकबाकी ६,८४०. महिन्यात पगार ५८,००० आला. एटीएममधून ५,००० काढले. भाजीला ३४० आणि दुधाला १,८६० रोख दिले. कार्डावर ४,२०० चा मिक्सर घेतला. मागचं कार्ड बिल ६,८४० बचत खात्यातून भरलं. आवर्ती ठेवीत २,००० टाकले. महिनाअखेर बचत खात्यात ८६,५१०, रोख ६,०००, आवर्ती ठेव २६,०००, कार्डाची थकबाकी ४,२००. आणि महिन्याचा खरा खर्च फक्त ६,४००, म्हणजे भाजी, दूध आणि मिक्सर.

हे आकडे मुद्दाम असे निवडले आहेत. सहभागी माणसाच्या पडद्यावर ११,४०० दिसले तर एटीएमची रक्कम खर्चात गेली. १३,२४० दिसले तर मिक्सरही मोजला आणि कार्डाचं जुनं बिलही. ८,४०० म्हणजे बचत खर्चात धरली गेली. तिन्ही चुका झाल्या तर २०,२४०. कोणत्याही दोन चुकांची बेरीजही वेगळी येते, त्यामुळे शेवटचा आकडा पाहूनच कारण सांगता येतं. स्वतःचं उदाहरण रचलंत तर ही खबरदारी घ्या. सगळ्या रकमा ५०० आणि १,००० च्या ठेवल्या तर कोणती चूक कोणती ते कळत नाही.

कामं सांगताना पडद्यावरचे शब्द तोंडी आणू नका. ‘ट्रान्सफरमध्ये जाऊन नोंद करा’ म्हटलं की परीक्षा संपली. त्याऐवजी कागद द्या : पगाराचा छापलेला एसएमएस, एटीएमची चिठ्ठी, दूधवाल्याचं कार्ड, मिक्सरचं बिल, क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट. ‘हे सगळं या घराच्या हिशेबात चढवा’ एवढंच सांगा. शेवटी दोन प्रश्न विचारा. या महिन्यात घरात एकूण किती खर्च झाला? आणि या उत्तराची खात्री एक ते पाचमध्ये किती? ज्याचं उत्तर चुकलं आणि खात्री पाच, त्याची नोंद सगळ्यात वर ठेवा. ज्याचं चुकलं पण खात्री दोन आहे तो निदान पुन्हा तपासेल.

सहभागी व्यक्तीला मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा. क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आयबीएममध्ये ही रीत संगणकाच्या चाचण्यांत आणली. बडोद्यात माणसं मराठीत सुरुवात करून मध्येच गुजरातीत जातील, रोखू नका. ‘हे दाबू का?’ असं विचारलं तर ‘घरी एकट्याच असतात तर काय केलं असतं?’ एवढंच उत्तर. वेळ मोजायची असेल तर ते वेगळ्या फेरीत, न बोलता. बोलताना हात मंद होतो. कुणी फारच संकोचत असेल तर सासू-सून किंवा नवरा-बायको अशी जोडी बसवा. ती आपसात बोलतात, तुम्ही फक्त ऐकायचं.

यंत्रांच्या काही अडचणी आधीच माहीत असू द्या. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर आहे, पण तुमच्या ॲपमध्ये ‘फ्लॅग सिक्युअर’ (पडद्याचं चित्र घेणं रोखणारी सोय) लावलेलं असेल तर रेकॉर्डिंग काळं येतं. चाचणीच्या आवृत्तीत ते काढा किंवा फोनच्या वर एक कॅमेरा टांगा. टांगलेल्या कॅमेऱ्याचा फायदा असा की अंगठा कुठे घुटमळला तेही दिसतं. फोन शक्यतो त्यांचाच असू द्या, कारण कीबोर्ड त्यांचा असतो. मराठी किंवा गुजराती कीबोर्डवरून त्या लिपीतले अंक आले आणि तुमचा हिशेब जावास्क्रिप्टमध्ये असेल, तर ‘५००’ ही संख्या म्हणून ओळखलीच जात नाही. त्याहून वाईट प्रकार स्वल्पविरामाचा. इंग्रजी अंकांत लिहिलेले सव्वा लाख स्वल्पविरामांसकट ‘पार्सफ्लोट’ला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या सोयीला, दिले तर पहिल्या स्वल्पविरामाशी ते थांबतं आणि उत्तर येतं १. एक रुपया. कुठलीही लाल पाटी झळकत नाही. बँकेच्या मजकुरातून रक्कम कॉपी करून चिकटवण्याचं एक काम चाचणीत ठेवा, हे पहिल्याच दिवशी सापडेल.

एका माणसाला पाऊण तास पुरतो. दिवसात चारांहून जास्त घेऊ नका, शेवटच्यांची नोंद पातळ होते. आणि तिसऱ्या महिन्यात लोक ॲप का सोडून देतात, हे पाऊण तासात कळणार नाही. त्यासाठी सहा-आठ घरांना ॲप देऊन दर आठवड्याला एक फोन करा आणि ‘या आठवड्यात काय लिहायचं राहिलं?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर रोखीचं असतं.

प्रश्न : माझं ॲप बँकेचे एसएमएस वाचून आपोआप खर्च लिहितं. महिन्याला वीस-बावीस हजार खर्च होतो, ॲप चाळीसच्या वर दाखवतं. घरातले म्हणतात मलाच वापरता येत नाही. चूक कुणाची?
— गृहिणी, दांडिया बाजार

उत्तर : तुमची नाही. एसएमएसमध्ये ‘खात्यातून इतके गेले’ एवढंच असतं. ते खर्च झाले की दुसऱ्या खिशात गेले, हे त्यात लिहिलेलं नसतं. वरच्या उत्तरातल्या तिन्ही चुका ॲप स्वतःच करतं : एटीएम, कार्डाचं बिल, ठेव. शिवाय आणखी काही. एका व्यवहाराचे दोन एसएमएस आले की तो दोनदा धरला जातो. ओटीपीच्या संदेशातही रक्कम असते. तुम्ही खरेदी अर्धवट सोडली तरी काही ॲप ती धरतात. कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी यावी लागते. ती सूचना एकदा आणि प्रत्यक्ष कपात एकदा, असं दोनदा मोजलं जातं. परत आलेले पैसे उत्पन्न म्हणून दिसतात ते वेगळंच.

एका महिन्याचं बँक स्टेटमेंट समोर घ्या. आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिल्लक, हे आधी जुळवा. मग ॲपमधली शिल्लक पाहा आणि फरक काढा. तेवढ्याच रकमेची नोंद शोधा, बहुधा ती दुबार असते. नसेल तर फरकाच्या निम्म्या रकमेची शोधा. जमेची नोंद खर्चात गेली की फरक दुप्पट येतो. हातानं लिहिलेल्या नोंदी असतील आणि फरकाला ९ नं भाग जात असेल तर अंक उलटे पडलेत का पाहा, ५४० चे ४५० झाले की फरक ९०. जुने मुनीम हेच करत.

स्वतःच्या दोन खात्यांमधले व्यवहार, कार्डाचं बिल आणि एटीएम या नोंदी ‘ट्रान्सफर’ किंवा ‘खर्चात धरू नका’ अशा करून टाका. बऱ्याच ॲपमध्ये नोंदीवर दाबून धरलं की हा पर्याय येतो. यजमान दरमहा घरखर्चाला पैसे पाठवत असतील आणि दोघांचे फोन एकाच हिशेबाला जोडलेले असतील, तर ती रक्कमही ट्रान्सफरच. एकदा केल्यावर ॲप पुढच्या महिन्यात ते लक्षात ठेवतं का, ते पाहा. दर महिन्याला पुन्हा करायला लावत असेल तर ते ॲप सोडा, वही बरी.

कंपनीला लिहायचं असेल तर ‘चुकीचं दाखवतं’ असं लिहून उपयोग नाही. खाते क्रमांक खोडून, एसएमएसचा मजकूर आणि ॲपनं त्याची केलेली नोंद शेजारी शेजारी ठेवून पाठवा. चाचणीसाठी कंपन्या स्वच्छ, नमुन्यादाखल बनवलेले एसएमएस वापरतात. तुमच्या फोनमधला गोंधळ त्यांच्याकडे नसतो.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी मी दहा जणांवर दोन हिशेबी ॲपची चाचणी घेतेय. एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभतेची प्रश्नावली वापरायला सांगितली आहे. गुण कसे काढायचे, आणि मराठीत करून वापरली तर चालेल का?
— बीसीएची विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर : एसयूएस जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५. विषम क्रमांकाची विधानं स्तुतीची, सम क्रमांकाची तक्रारीची. विषम विधानाच्या उत्तरातून १ वजा करा, सम विधानाचं उत्तर ५ मधून वजा करा, दहांची बेरीज २.५ नं गुणा. आकडा ० ते १०० मध्ये येतो, पण ती टक्केवारी नाही. अनेक चाचण्यांची सरासरी ६८ च्या आसपास असते, म्हणून ६८ म्हणजे ‘मध्यम’.

मराठीत वापरा. मात्र दहा जणांना देण्याआधी दोघांना एकेक विधान वाचायला लावून ‘यात काय विचारलंय?’ असं विचारा. सम क्रमांकाच्या विधानांवर घोळ होतो. सगळीकडे ५ लिहीत सुटलेला माणूस तक्रारीलाही ५ देतो आणि गुण ५० वर येऊन थांबतात. नेमके ५० दिसले की ती उत्तरपत्रिका बाजूला काढून त्या व्यक्तीशी बोला. वयस्क माणसांना विधानं वाचून दाखवा.

दोन ॲप असल्यानं पाच जणांना आधी पहिलं द्या आणि पाच जणांना आधी दुसरं. हे केलं नाही तर दुसरं वापरलेलं ॲप उगाच सोपं ठरतं. दहाही जणांनी काम पुरं केलं तर ‘यश १०० टक्के’ असं लिहू नका. दहापैकी दहा आले तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर खरं प्रमाण सुमारे ६९ टक्क्यांपासून पुढे कुठेही असू शकतं. पाचपैकी पाच आले तर ४८ पासून. आणि गुणांच्या शेजारी प्रत्येकाचा शेवटचा हिशेबी आकडा बरोबर होता का, याचा रकाना ठेवा. ८५ गुण देणाऱ्यांत चुकलेले किती, हे तुमच्या प्रकल्पाचं सगळ्यात वाचनीय पान होईल.

प्रश्न : आमच्या पेढीत अजून रोजमेळ लिहितात, डावीकडे जमा, उजवीकडे उधार. मुलगा घरच्या हिशेबासाठी गनूकॅश हे दुहेरी नोंदीचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतो. दुहेरी नोंदीचं सॉफ्टवेअर कितीही चाचण्या घेतल्या तरी सामान्य माणसाला सोपं होईल का?
— हिशेबनीस, रावपुरा

उत्तर : तुम्हाला ते सामान्य माणसापेक्षा लवकर जमेल. दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणं, अवघड नाही. गोंधळ होतो तो कुणाच्या वहीतून पाहतोय याचा. बँक ऑफ बडोदा १९०८ पासून ज्या शहरात आहे तिथल्या घरांना पासबुक वाचायची सवय पिढ्यानपिढ्यांची. पासबुक ही बँकेची वही. तुम्ही पैसे भरले की बँक तुमची देणेकरी होते, म्हणून ती रक्कम ‘क्रेडिट’ला. तुमच्या स्वतःच्या वहीत मात्र बँकेतले पैसे ही मालमत्ता, ती वाढली की ‘डेबिट’. पासबुक शेजारी ठेवून सॉफ्टवेअर भरणाऱ्याला सगळं उलटं वाटतं. चाचणीत हे पहिल्या दहा मिनिटांत दिसतं आणि उपायही आहे : रकान्यांची हिशेबी नावं लपवायची. गनूकॅशमध्ये मुळात साधीच नावं असतात, हिशेबी नावं हवी असतील तर प्राधान्यांत जाऊन ती सुरू करावी लागतात. तुमच्या मुलासाठी साधी ठेवा, तुमच्यासाठी सुरू करा.

दुहेरी नोंदीची खरी कमाई अशी की चूक गप्प बसत नाही. नोंद जुळली नाही तर गनूकॅश उरलेली रक्कम ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकतं. त्या खात्यात शून्याखेरीज काही दिसलं की शोधाशोध सुरू. एकेरी ॲपमध्ये ही सोय नसते. आमच्या मते शिकायला कठीण पण चूक दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकायला सोपं आणि चूक गिळणाऱ्यापेक्षा बरं. पाऊण तासाची चाचणी मात्र नेमकी दुसऱ्याला जास्त गुण देते.

एक गोष्ट आधीच ठरवा. पेढीत चोपडापूजन दिवाळीला, प्राप्तिकराचं वर्ष १ एप्रिलला, आणि बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर धरतं १ जानेवारी. ‘या वर्षीचा खर्च’ विचारला की तीन उत्तरं येतात. गनूकॅशच्या प्राधान्यांत हिशेबी कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च करून ठेवा. बँकेची फाइल आत घेताना तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष निवडा. नाहीतर ४ मेचा व्यवहार ५ एप्रिलला जाऊन बसतो, आणि १२ तारखेपर्यंतच्या कुठल्याच नोंदीवर सॉफ्टवेअर कुरकुरत नाही.

प्रश्न : आईचं वय ७४. फोनवरची अक्षरं मोठी केली की हिशेबाच्या ॲपमधले आकडे अर्धवट दिसतात. उपाय?
— कारेलीबाग

उत्तर : अर्धवट आकडा हा दोष ॲपचा, आईच्या डोळ्यांचा नाही. १,२५,००० चे शेवटचे दोन अंक पडद्याबाहेर गेले तर ते १,२५,० असं दिसतं, आणि घाईत साडेबाराशे वाचलं जातं. फोन आडवा धरून पाहा, किंवा ‘फॉन्ट साइज’ एक पायरी कमी करून ‘डिस्प्ले साइज’ बदलून पाहा. दोन्ही सेटिंग वेगळी असतात. ॲप घेतानाच सगळ्यात मोठ्या अक्षरात एक सहा आकडी रक्कम लिहून बघा. बटणं किमान ९ मिलिमीटरची असावीत, अँड्रॉइडच्या ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक) या शिफारशीचं साधारण माप तेवढंच येतं. खर्च लाल आणि जमा हिरवी एवढ्याच फरकावर चालणारं ॲप टाळा. अधिक-उणे चिन्ह स्पष्ट हवं.

प्रश्न : ‘आमचं फायनान्स ॲप तपासून द्या, तासाचे पैसे मिळतील’ असा संदेश आला. त्यांना माझा फोन दुरून पाहायचा आहे. जाऊ का?
— नोकरदार, अलकापुरी

उत्तर : दुरून स्क्रीन पाहत घेतलेल्या खऱ्या चाचण्या असतात, पण त्यात तुमचं खरं बँक खातं लागत नाही. खरी कंपनी काल्पनिक घर, काल्पनिक खातं आणि संमतीपत्र देते. रेकॉर्डिंग कुणाकडे राहील, कधी पुसलं जाईल हे त्यात लिहिलेलं असतं, आणि तुम्ही मध्येच उठून जाऊ शकता. याउलट फोनचा ताबा देणारं ॲप बसवायला सांगितलं, ओटीपी येईल असं काही करायला लावलं, ‘नोंदणीसाठी’ आधी पैसे मागितले किंवा मानधन जमा करण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवा. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही.

असं ॲप आधीच बसवलं असेल तर प्रथम इंटरनेट बंद करा आणि ते ॲप काढून टाका. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा, तिथे पहिल्यांदा तेच विचारतात.